वाचायची परवानगी

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकते. ती माझ्या लक्षात यायला चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत राजारामपुरीतल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जे घडलं, ते माझ्या हातून झालेल्या दोन चुकांमुळे घडलं. कुठली चूक कशी झाली, हे मी कुणालाही कागदावर काढून दाखवू शकते. तरीसुद्धा त्या दिवशी दुपारी बारा वाजता माझ्या अंगावर आलेला काटा त्या कागदात कुठंच बसत नाही.

मी राजारामपुरीत कॉम्प्युटरचे क्लास घेते. कॉलेजची मुलं येतात, नोकरीसाठी सर्टिफिकेट हवं असलेल्या बाया येतात. काही वर्षांपूर्वी एकदा साठीच्या एक बाई वही आणि पेन घेऊन आल्या, पहिल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मला सगळं नको. डोळ्यानं दिसत नसलेल्या माणसाला कॉम्प्युटर कसा चालवायला द्यायचा, तेवढंच शिकवा."

त्यांच्या यजमानांची दृष्टी काचबिंदूनं गेली होती. काका सरकारी छापखान्यात प्रुफं तपासायचे. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेला, आणि निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत अक्षरच दिसेना झालं. मी त्यांच्या घरी जाऊन एका जुन्या मशीनवर लिनक्स ही सिस्टीम घातली, कारण त्यात पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारा आवाज फुकट मिळतो. तो आवाज धड बाईचा नाही, धड पुरुषाचा नाही. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी सावकाश वाचावं तसा तो लागतो. पण काकांना तो पहिल्या आठवड्यातच सवयीचा झाला. ते पेपर ऐकायचे, पुस्तकं ऐकायचे, आणि आवाजाचे उच्चार चुकले की त्याला रागवायचे.

मशीनवर दोन खाती केली होती. एक काकूंचं, दुसरं काकांचं. मशीनची देखभाल काकू करायच्या, म्हणून सगळे अधिकार त्यांच्या खात्याला होते. मशीन चालू केलं की आवाज आधी काकूंचं नाव घ्यायचा, मग काकांचं. आपलं नाव आलं की काका एन्टर दाबायचे आणि पासवर्ड टाकायचे.

काकू हुपरीच्या. माहेरी पैंजणांचं काम. लहानपणापासून चांदीच्या कड्या जोडून जोडून त्यांच्या बोटांच्या टोकांवर डाग पडले होते, आणि त्या बोटांना घाई कशी ती माहीतच नव्हती. एकेक आज्ञा वहीत लिहून घ्यायच्या, घरी जाऊन करून बघायच्या. शेवटी-शेवटी एकदा त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, ठरल्या वेळेला हा आपणहून बोलेल का?"

"बोलेल की. काय बोलायचं ते लिहून ठेवायचं आणि वेळ सांगायची."

"एकदा बोलला, मग थोडं थांबून परत बोलला, असं?"

"तसंही करता येतं. पण कशाला?"

"भावाकडं माणूस कमी पडतंय. दिवसभर हुपरीला जाऊन यायचं म्हणतेय, महिना-दोन महिने. मागं इथं यांना सांगणारं कोण आहे? पण यांना आत्ताच काही बोलू नका."

मी दहा-पंधरा मिनिटांत दाखवलं, त्यांनी लिहून घेतलं. त्यानंतर पंधरा दिवसही झाले नसतील, त्यांना ताप आला, दवाखान्यात ठेवलं आणि आठव्या दिवशी त्या गेल्या. हुपरीला जाणं राहिलं ते राहिलंच. त्या संभाषणाचं मला पुढं भान राहिलं नाही. आठवायचं काही कारणही नव्हतं.

त्याला सव्वा वर्ष झालं होतं. काकांचं मशीन फार जुन्या आवृत्तीवर चाललं होतं, आणि अपग्रेड केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पितृपंधरवड्यात काका काकूंच्या म्हाळाला गडमुडशिंगीला, आपल्या भावकीत, दोन दिवसांसाठी जाणार होते. म्हणाले, "मी नसताना करून टाका की. किल्ली खालच्या दवाखान्यात ठेवतो."

मी रविवारी संध्याकाळी क्लास संपवून गेले. काकूंच्या खात्यातून काम सुरू केलं. त्यांचा पासवर्ड माझ्याकडे होता. मशीन पुन्हा पुन्हा बंद-चालू करावं लागत होतं, म्हणून दर वेळी पासवर्ड टाकायचा त्रास नको असं मनात आणून मी थेट काकूंचंच खातं उघडेल अशी सोय करून ठेवली. ती नंतर काढून टाकायला विसरले. ही पहिली चूक. दुसरी अशी, की अपग्रेड मध्येच अडकलं, तेव्हा सावधगिरी म्हणून पेनड्राइव्हवर काढून ठेवलेलं काकांचं सगळं सामान मी परत जागेवर भरलं. ते करताना काय झालं हे तेव्हा मी तपासलं नाही. काकांचा पासवर्ड मला माहीत नव्हता, ते स्वतः गावाला, त्यामुळं त्यांचं खातं उघडून बघता आलं नाही. मशीन चालू होतंय एवढं पाहिलं आणि किल्ली परत ठेवून घरी आले.

शुक्रवारी सकाळी काकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, मोठा. "बाई, माझं खातं काय उघडंना बगा. सवड काढून या. घाई न्हाई."

"कधीपासून?"

"आल्यापासनं. सोमवारी रात्री आलो. मंगळवारपासनं न्हाईच."

"मग तेव्हाच फोन करायचा ना, काका."

ते म्हणाले, "घाई न्हवती."

साडेअकराला मी त्यांच्या जिन्यावर होते. खाली दवाखान्यात ही गर्दी, समोरच्या क्लासमधून मुलांचा गलका. वरच्या मजल्यावर काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं. हे मला खटकलं. दिसत नसल्यामुळं काका दार कायम आतून कडी घालून ठेवायचे. मला दर वेळी बाहेर उभं राहून नाव सांगावं लागायचं. आज मी कडीला हात लावला आणि दार उघडलं.

काका खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं नीटनेटकं पाहिलं नव्हतं. टेबलावर डोळ्यांच्या थेंबांची बाटली होती, टोपण नीट लावलेली. मागच्या वेळी हीच बाटली मला पलंगाखाली सापडली होती, धूळ खात.

"बसा की," ते म्हणाले. "चालूच हाय ते."

मशीन चालू होतं आणि पडद्यावर काकूंचं खातं उघडलेलं होतं. मागं त्यांनी लावलेलं लाल कण्हेरीचं चित्र. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती सोय मी काढलीच नव्हती. काकूंच्या खात्यात पडदा वाचणारा आवाज सुरू नसायचा, त्यांना डोळे होते. म्हणजे चार दिवस काका रोज सकाळी मशीन लावत होते, नावं ऐकू येण्याची वाट बघत होते, आणि समोर मुकाट्यानं बायकोचं खातं उघडून बसलेलं असायचं.

मी खातं बदललं. काकांचं नाव आलं, त्यांना पासवर्ड टाकायला सांगितलं. त्यांनी टाकला. पडदा काळा झाला, क्षणभर तसाच राहिला, आणि पुन्हा नावांची यादी आली. पासवर्ड चुकला असता तर तसं सांगितलं असतं. चुकला नव्हता. आत घेतलं जात होतं आणि उंबऱ्यातूनच परत पाठवलं जात होतं. तीनदा तसंच झालं.

"आत कोणतरी बसलंय वाटतं," काका म्हणाले. थट्टेत म्हणाले की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

मी परत काकूंच्या खात्यात आले, आज्ञा टाइप करायची खिडकी, टर्मिनल, उघडली आणि काकांच्या घराची यादी मागवली. लिनक्समध्ये प्रत्येक माणसाच्या फोल्डरला घरच म्हणतात. यादीत एका रांगेत फाइलचं नाव येतं आणि तिच्याआधी मालकाचं. मी वरून खाली वाचत गेले. पुस्तकं, मालक काकू. पत्रं, मालक काकू. काकांच्या आवडीचे उच्चार साठवलेली फाइल, मालक काकू. आवाजाचा वेग, अक्षरांचा आकार, खातं पडद्यावर उघडायला लागणारी लपलेली फाइल, सगळ्यांपुढं एकच नाव. पानामागून पान सरकत गेलं. सव्वा वर्षापूर्वी गेलेल्या बाईचं नाव, एकाखाली एक, जिथंतिथं. काकांच्या घरात काकांच्या नावावर एक वस्तू शिल्लक नव्हती.

कारण मला लगेच कळलं. पेनड्राइव्हवर गेलेल्या फायलींना मालक उरत नाही. ज्याच्या खात्यातून तो लावला, त्याच्या नावावर त्या दिसतात, आणि मी त्या तशाच्या तशा परत भरल्या होत्या. स्वतःच्या घरात काही लिहायची परवानगी नाही म्हणून काकांचं खातं उघडत नव्हतं. कळलं, तरी हात कीबोर्डवर गेला नाही. मी ती नावं बघत राहिले.

आणि तेवढ्यात माझ्या कानाशी, स्पीकरमधून, तो पत्र्याच्या डब्यातला आवाज बोलला.

"बारा वाजले. गॅसपाशी जाऊन वास घ्या. हात लावू नका."

मी खुर्ची मागं सारून उभी राहिले. काहीच उघडलेलं नव्हतं. पडद्यावर फक्त ती यादी. काका मात्र शांतपणे उठले, भिंतीला बोटं लावत स्वयंपाकघरात गेले. तिथून त्यांनी नाकानं ओढून घेतलेला श्वास ऐकू आला. परत येऊन बसले. मी काही विचारणार, तो पुन्हा आवाज.

"घेतला का? बरं."

"घेतला," काका म्हणाले. मला नाही. स्पीकरला.

खाली रिक्षा वाजत होत्या, ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलं होतं. एवढ्या उजेडात मला असं भ्यायला झालेलं मला आठवत नाही.

"काका, हे कधीपासून?"

"मंगळवारपासनं. सकाळी धा वाजता पयल्यांदा बोलली. डोळ्यांत थेंब घाला, म्हणाली. मी म्हणलं, घातले. उगंच, सवयीनं. थोडा वेळ गेला आणि म्हणती, खोटं बोलू नका."

ते हसले.

"तवा मला घाम फुटला, बाई. आवाज यंत्राचा, ते काय मला कळत न्हाई व्हय? रोज ऐकतोय. पर मी खोटं बोललो, हे यंत्राला कुणी सांगितलं? मग मी उठलो आणि थेंब घातले. तवापासनं सांगंल तसं करतोय. परवा बारा वाजता वास घेतला तर गॅस बारीक चालू व्हता. मला पत्ताच नव्हता. मी गॅलरीत जाऊन बसलो असतो."

"पण त्या काकू आहेत, असं तुम्ही कशावरून..."

"दुध."

"काय?"

"एक वाजता बोलती, दुध जाळीखाली आहे. दु ऱ्हस्व. दुधाला, दुधाचं म्हणताना ऱ्हस्व. एकटं दूध दीर्घ. हे लगीन झाल्यापासनं सांगत आलोय तिला. भाजीच्या चिठ्ठीत दुध, हुपरीस्नं पाठवल्याल्या पत्रात दुध. यंत्र लिवलंय तसंच वाचतंय. यंत्राला कुठलं आपणहून चुकायला येतंय? ती चूक तिची हाय."

खिडकीतलं ऊन टेबलावरून त्यांच्या हातावर आलं. त्यांना ते जाणवलं असावं, त्यांनी हात उलटा केला.

मग मला ती वही आठवली. ठरल्या वेळेला हा आपणहून बोलेल का. थोडं थांबून परत बोलला, असं. मी काकूंच्या फोल्डरमध्ये शोधलं आणि ती फाइल पाचव्या मिनिटाला सापडली. त्यांचं खातं उघडलं की ती आपोआप सुरू व्हावी, अशी व्यवस्था त्यांनी स्वतः केली होती, एकही चूक न करता. प्रत्येक वाक्यापुढं वेळ होती. थेंबांच्या वाक्यानंतर चाळीस सेकंद थांबायचं, आणि मग "खोटं बोलू नका". वासाच्या वाक्यानंतर जास्त थांबायचं, कारण स्वयंपाकघरात जाऊन यायला वेळ लागतो. काकांचं चालणं, त्यांचं उत्तर, त्यांची लबाडी, सगळं त्या बाईनं सेकंदांत मोजून ठेवलं होतं. काकू गेल्यावर ते खातं दिवसा कधी उघडलंच गेलं नाही, म्हणून ती फाइल गप्प होती. मी ज्या रविवारी काम केलं ती संध्याकाळ होती. वाक्यं सगळी दिवसाची.

मी काकांना हे सांगितलं. हळूहळू, एकेक करून. काकूंचा हुपरीला जायचा बेत, मला विचारलेला प्रश्न, माझा विसर. सांगताना मी पडद्यावर वाचत होते, आणि फाइलमधल्या रोजच्या वाक्यांपैकी शेवटच्या वाक्याशी माझी जीभ थांबली.

साडेपाच वाजता: "मी बसने सहापर्यंत येते. दार आतून लावू नका."

मी मान वळवून दाराकडं पाहिलं. मी आत आले तेव्हा लोटून घेतलेलं, तसंच होतं.

"वाचलं न्हवं?" काका म्हणाले. मी थांबले एवढ्यावरूनच त्यांना कळलं होतं. "तीन दिवस झालं. साडेपाचला बोलती, मी कडी काढतो. सहा वाजत्यात, जिन्यात पावलं वाजत्यात. खालच्या दवाखान्याची माणसं असत्यात, मला म्हाईत हाय. वरपतोर कोण येत न्हाई. रात्री झोपताना कडी घालायला हात जातो, आणि माघारी येतो."

"तीन रात्री दार उघडं होतं?"

"व्हय."

मला रडू आवरेना. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू आलं असणार. त्यांनी विषय बदलला. "माझं खातं दुरुस्त व्हतंय का न्हाई ते सांगा आधी."

मी समजावून सांगितलं. सगळ्या वस्तू काकूंच्या नावावर गेल्यात, एका आज्ञेत त्या तुमच्या नावावर करता येतात. त्यांनी विचारलं, "सगळ्या?"

"तुमच्या घरातल्या सगळ्या. आणि काकूंची ही फाइलसुद्धा हवी तर तुमच्या नावावर करते. म्हणजे तुमच्या खात्यात ती बोलेल. नाहीतर तुमचं खातं समोर असलं की काकूंच्या खात्याला आवाज काढायची परवानगी नसते."

"माझ्या नावावर केली म्हंजे ती तिची राहत न्हाई."

"मालक तुम्ही व्हाल."

"मग मी ते दुध दुरुस्त करू शकंन."

"हो."

ते बराच वेळ बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिले. "मग नको," म्हणाले. "चाळीस वेळा दुरुस्त करून दिलं, तिनं ऐकलं न्हाई. आता ती न्हाई म्हणून परस्पर करायचं?"

मी त्यांना सांगितलं की यात मधला मार्ग आहे. फाइल काकूंच्याच नावावर ठेवता येते, आणि काकांना फक्त वाचायची परवानगी देता येते. वाचता येईल, ऐकता येईल; एक अक्षर बदलता येणार नाही.

"तसं करा," ते लगेच म्हणाले. "वाचायची द्या. लिवायची नको."

आधी मी त्यांचं घर त्यांच्या नावावर केलं. यादी परत मागवली; प्रत्येक ओळीवर आता काकांचं नाव. मग काकूंची फाइल दोघांना पोचेल अशा जागी ठेवली. मालक काकू. काकांना वाचायची परवानगी. त्यांच्या खात्यातून ती सुरू व्हावी अशी व्यवस्था केली. पासवर्ड टाकायला सांगितला. पडदा काळा झाला, आणि या वेळी मागं फिरला नाही. आवाजानं काकांना त्यांच्या नावानं नमस्कार केला. ते म्हणाले, "आलो बाबा एकदाचा."

"पुढं अजून ओळी आहेत, काका. ठरावीक तारखांच्या दिसतात. वाचू का?"

"न्हाई!" ते जवळजवळ ओरडले. मग खालच्या आवाजात, "पुडलं वाचू नका. तुमीबी वाचू नका. यायचं तवा ईल."

मी फाइल बंद केली. पण एक गोष्ट उरली होती, आणि ती बोलायला मला धीर होईना. शेवटी त्यांनीच काढली.

"साडेपाचचं तेवढं काढा."

"त्यासाठी मला काकूंच्या खात्यात जावं लागेल. त्यांच्या नावानं."

"जावा. तिला राग यायचा न्हाई. ती बसचं येळापत्रक पाळणारी व्हती. न येणाऱ्या बसचं तिनं सांगितलं नसतं."

मी काकूंच्या खात्यात गेले, ती ओळ निवडली आणि काकांचा हात धरून त्यांचं बोट डिलीटच्या बटणावर ठेवलं. त्यांनी विचारलं, "हेच न्हवं?" मी हो म्हटलं. त्यांनी दाबलं. ओळ गेली. वरची आणि खालची ओळ जवळ आल्या.

मी त्या दिवशी क्लासला सुट्टी दिली आणि सहा वाजून जाईपर्यंत तिथंच बसले. एक वाजता आवाजानं दूध जाळीखाली असल्याचं सांगितलं, ऱ्हस्व दु लावून. काका उठून बघून आले. "हाय," म्हणाले, "मीच ठेवल्यालं. पर हाय." दुपारी आम्ही पेपर ऐकला. साडेपाच वाजले तेव्हा दोघंही बोलायचं थांबलो होतो. मशीन गप्प राहिलं. सहाच्या सुमारास जिन्यात पावलं आली, एक मजला चढली, थांबली. मी काकांकडं पाहिलं. त्यांनी मान दाराकडं वळवली होती आणि श्वास धरला होता. त्या क्षणी दार ढकललं गेलं असतं, तर मला आश्चर्य वाटलं नसतं. पावलं खाली गेली. थोड्या वेळानं काका मला म्हणाले, "जावा आता. अंधार पडंल," आणि मी बाहेर पडल्यावर आतून कडी घातल्याचा आवाज मी जिन्यात उभी राहून ऐकला.

त्यानंतर महिना-दीड महिना सगळं सुरळीत चाललं. काका थेंब घालत होते, वास घेत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी म्हणे शाबासकी दिली. मग नोव्हेंबरात एका सकाळी फोन आला.

"आज नवीन बोलली, बाई."

"काय?"

"म्हणती, हयातीचा दाखला द्यायचा आहे. बँकेत एकटे जाऊ नका, मॅडमना सांगा."

ती ओळ मी वाचलेली नव्हती. दीड वर्षापूर्वी पैंजणांच्या कामाला जायचा बेत करताना त्या बाईनं ती लिहिली, तेव्हा आपण नसू असं तिच्या मनात कसं आलं? की आपण हुपरीला असू, एवढंच मनात होतं? मी ते अजून ठरवू शकलेले नाही.

आम्ही रिक्षानं बँकेत गेलो. पेन्शनवाल्यांची रांग होती. काउंटरवरच्या मुलीनं काकांचा अंगठा त्या छोट्या यंत्रावर ठेवला. जुळला नाही. दुसरा ठेवला. नाही. पुसून ठेवला, तर्जनी ठेवली. नाही. डोळ्याच्या बुबुळावरून ओळखायचं यंत्र होतं, त्यालाही काकांचे डोळे वाचता येईनात. मुलगी ओशाळली. "काका, सिस्टीम तुम्हाला हयात दाखवत नाहीये."

"मी दाखवतोय की!" काका एवढ्या मोठ्यानं म्हणाले की रांगेतली माणसं हसली. शेवटी कागदी फॉर्म मागवला. मी तो त्यांना वाचून दाखवला, त्यांनी मधेच एका शब्दाची वेलांटी विचारली, आणि मी दाखवल्या जागी सही केली.

परतीच्या वाटेवर सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे दरसाल बोलणार न्हवं?"

"दर वर्षी. थांबायची तारीख असेल तर मला माहीत नाही. मी पुढं वाचलेलं नाही."

"आणि मी नसंन तवा?"

"मशीन कुणी चालू ठेवलं, तर बोलेल."

"रिकाम्या खोलीत."

"हो."

सिग्नल सुटला. त्यांनी माझा हात शोधून धरला. त्यांची पकड घट्ट होती.

"तवा तुमी येऊन बंद करायचं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला सांगायचं न्हाई. आदी बारा वाजूपतोर थांबायचं, एकदा ऐकायचं, उत्तर द्यायचं, आणि मग बंद करायचं."

"उत्तर काय देऊ?"

"घेतला, म्हणायचं."

मी कबूल केलं.